समोरची फळी

चोरखमारा, मंगळवार, ९ डिसेंबर १९५२

जलविहाराच्या सुटीचा पहिला दिवस. सोबत कोणी नको, हा माझाच हट्ट. तरीही नावाडी सोमाजीने माझ्यासमोरच्या फळीवर मोठा गोटा ठेवला.

"एकट्याले तलावावर नेत नाही जी."

असल्या अडाणीपणाची मला चीड आहे. मध्यावर पोचताच मी तो गोटा पाण्यात लोटला.

"काऊन टाकला जी? ते जागा रिकामी राहत नाही."

भार गेल्यावर नाव माझ्या बाजूला कलायलाच हवी होती. पदार्थविज्ञान शिकवतो मी. ती तसूभरही कलली नाही.

काठाला लागल्यावर सोमाजीने उतरवायला हात दिला, तो आधी समोरच्या फळीला, मग मला.

का कलली नाही? नाव आठवडाभरासाठी ठरवली आहे आणि माघार माझ्या स्वभावात नाही. उद्या गोटा मी स्वतः ठेवीन. फळी रिकामी असली तर.