डावी कळी

कातळवाडी, ता. अलिबाग
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

प्रिय शकू,

तुला आणि शुभम भावजींना नमस्कार, छोट्या काशीला गोड पापा. इकडे आम्ही बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

पत्र बघून हसशील. आठवड्यातून दोनदा फोनवर बोलणाऱ्या मैत्रिणीला पत्र कशाला, म्हणशील. फोनवर सांगायला मी तीनदा बसले. तिन्ही वेळा आधी तू बोललीस, आणि तुझा आवाज ऐकला की माझं तोंड मिटतं. मेसेज बोलून पाठवावा तर तुझा फोन दिवसभर काशीच्या हातात. म्हणून कागद घेतला. सदू उद्या रिक्षा घेऊन तुमच्या थळला त्याच्या बहिणीकडे जाणार आहे, त्याच्याकडे देते. पाकीट चिकटवलंय. घरात कोणी नसताना वाच.

भात कापून ठेवलं होतं आणि दिवाळी उलटल्यावर पाऊस आला. तीन दिवस पेंढ्या पाण्यात होत्या. खालच्या खाचरातल्या लोंब्यांना मोड फुटले. आता सुकेल तेवढं घरी आणायचं. बाबांचा उजवा हात तसाच लुळा आहे. डाव्या हाताने जेवतात, डाव्यानेच पूजा करतात. बायका त्यांना विचारतात, पनूचं लग्न कधी करताय? बाबा म्हणतात, "हात बरा झाला की अक्षता टाकायला मोकळा." बायका हसतात. तो हात बरा होणार नाही हे त्यांनाही माहीत आहे, बाबांनाही.

रविवारी तुझी आई आली होती. नीराकाकू आता फार वाळली गं. ओटीवर टेकली आणि बाबांना म्हणाली, "बाळाजी भावोजी, सोमवारी शकूला आनि पोरीला घेऊन येत्ये. काशीच्या काळजाला भोक हाय. डाक्टर बोलतो, शालंत घालायच्या आदी आपरेशन करा. जावई व्हय बोलतो, शकू गप बसते. मी बोललं, बहिरी देवाला विचारल्याबिगर पोरीला हात लावू देनार न्हाय."

तुला ठाऊक आहे, तुझे बाबा, दादूकाका, गेल्यापासून बाबांनी एकाचाही कौल लावलेला नाही. हात चालत नाही म्हणून सगळ्यांना परत पाठवतात. मला वाटलं, काकूलाही तेच सांगतील. बाबांनी अंगणातल्या ओल्या पेंढ्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "वहिनी, आधीपन पनूच लावत होती. आतापन तीच लावंल. तिला विचारा."

काकूला ती थट्टा वाटली. "काय गं भटीन, लावशील ना?" म्हणून तिने माझ्या पाठीत थाप मारली.

मी "या" म्हणाले, शकू.

त्याच संध्याकाळी तुझा आवाजी मेसेज आला. तो मी किती वेळा ऐकला, मोजलं नाही. "पनू, माझ्या बाबांच्या वेळी देवाने सांगितलं, आपण ऐकलं, पुढचं त्याच्या हातात होतं. म्हणून तर मी उभी आहे. आता काशीचंही त्यालाच विचारू. तो बोलेल ते मला चालेल."

म्हणून तर मी उभी आहे, असं म्हणालीस. तेच काढून घ्यायला हे पत्र लिहिते आहे.

कौल तू लहानपणापासून बघितलास, पण बाहेरून. आत काय होतं ते सांगते. तगरीच्या दोन कळ्या एकाच पाण्यात बुडवायच्या. बहिरीचा पाषाण ओला करायचा. एक कळी त्याच्या उजव्या खांद्याला लावायची, एक डाव्या. दोन्ही सारख्याच दाबायच्या. मग गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाबा म्हणायचे, "आपन फक्त लावायचा. पाडनारा तो."

बाबांचा हात गेला तेव्हापासून त्यांच्या कोपराला धरून मी गाभाऱ्यात जाऊ लागले. बाईमाणसाने आत जायचं नाही, पण बापाला धरायला गेलेल्या मुलीला कोण काय बोलणार? लोकांना वाटे, मी नुसता हात धरते. प्रत्यक्षात त्यांची बोटं वर असत आणि कळी माझ्या बोटांत. दोन वर्षं गावाचे सगळे कौल मीच लावले. सुरुवातीला कळी दोन-तीनदा लावावी लागायची. नंतर सवय झाली.

सवय झाली आणि मी शहाणी झाले. अलिबागला कॉलेजात तीन वर्षं काढली होती, चार पुस्तकं वाचली होती. देव नाही असं मी कधीच म्हटलं नाही. पण मला वाटू लागलं होतं की दगडाचा खांदा किती ओला, कळी किती ताजी, यावर माणसांनी आपले जन्म टांगून ठेवावेत हे त्यालाही आवडत नसणार. भक्ती म्हणजे घाबरणं नव्हे, असं मी तुला एकदा तळ्यावर कपडे धुताना म्हटलं होतं. तू म्हणालीस, "मोठी झालीस गं!" मला ते फार गोड वाटलं होतं. मी खरंच मोठी झाले असं धरून चालले.

मागच्या फाल्गुनात दादूकाकांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी महिन्याच्या आत ऑपरेशन सांगितलं. नाही केलं तर तीन-चार महिने, असंही सांगितलं. तू थळहून येऊन रडलीस, भांडलीस. काका आपले खाटेवर बसून, "डाक्टरचा काय जातो? पोट माझा फाडायचा हाय. बहिरी बोलंल तं जातो, न्हायतं हितंच बरा हाय." तू माझा हात घट्ट धरून म्हणालीस, "पनू, देवाने उजवा दिला पाहिजे गं. दिलाच पाहिजे."

तू मला काही कर असं म्हणाली नव्हतीस. हे आधी लिहून ठेवते. तू फक्त देवाकडे मागत होतीस. ऐकत मी होते.

कौलाच्या त्या सोमवारी मी नैवेद्याच्या भातातली दोन शितं चिमटीत धरून गाभाऱ्यात नेली. डाव्या कळीच्या देठाला ती चोळली आणि कळी दाबून बसवली. संध्याकाळपर्यंत पडली नसती. उजवी नुसती टेकवली.

इथपर्यंत लिहून मी उठले. गोठ्यात जाऊन आले. इथेच थांबावं असं वाटत होतं, आणि का वाटत होतं तेही तुला सांगते. एवढंच कळलं तर तू म्हणशील, पनूने लबाडी केली, कौलात काही अर्थ नव्हता. तू मला शिव्या देशील, काशीला घेऊन डॉक्टरांकडे जाशील. पोरीचं भलं होईल. माझ्या मनात आहे तसंच सगळं घडेल. पण मला पाहिजे ते घडावं म्हणून मी परत अर्ध्यावर थांबले, तर परत एका कळीला शितं लावल्यासारखंच होईल ना गं? म्हणून पुढचं लिहिते. पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही.

बाबांनी डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा बहिरी महाराजा, तुजा दादू आज तुज्या पायाशी आलाय..." बाहेर तुम्ही सगळे माना खाली घालून "व्हय महाराजा" म्हणत होता. दुसऱ्या की तिसऱ्या "व्हय महाराजा"ला डावी कळी पडली.

शितं लावलेली, शकू. दाबून बसवलेली. माझ्या मनगटावर पडली, गार लागली. देठाला शितं तशीच होती.

कोणी बघितलं नाही. मी ती उचलली आणि परत लावली. अंगठ्याने दाबून धरली. तरी उजवी पडेना. गाऱ्हाणं संपलं, बाहेर सगळ्यांच्या माना वर झाल्या. मी तोंड जवळ नेलं आणि जरा जोरात श्वास सोडला. मग पडली.

काका बाहेरून ओरडले, "घ्या! बहिरीलापन माझ्यासंगं मुंबई बघायची हाय!" सगळे हसले. तू हसत हसत रडत होतीस. आठवतंय ना?

दोन दिवसांनी मांडव्याला बोटीवर चढताना काका मला म्हणाले, "तुजा तोंड का उतरलाय पने? त्याने उजवा दिलाय." ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी ते गेले आणि त्यांना गाडीतून आणलं. बाराव्याला तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणालीस, "मीच पाठी लागले होते त्यांच्या. देवाने सांगितलं नसतं तर मी स्वतःला मारून घेतलं असतं." मी तुझ्या केसांतून हात फिरवत राहिले. त्याच हाताने.

डॉक्टरांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. ऑपरेशन केलं नसतं तर काका जगले असते असंही मला माहीत नाही. कदाचित पहिला पाऊस बघून गेले असते, कदाचित नाही. पण घरी गेले असते, तुझा हात हातात असता. ते मी होऊ दिलं नाही.

बाबांना ठाऊक आहे असं मला वाटतं. कौलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवाला पाणी घालताना ते डाव्या खांद्यापाशी थांबले. शीत वाळून चिकटलं होतं. डाव्या हाताच्या नखाने खरवडत बसले. "नैवेद्य खांद्यावर कसा गेला?" एवढंच म्हणाले. मला की देवाला, ते कळलं नाही. तेव्हा काका जिवंत होते. मुंबईला निघायला एक दिवस होता. मी बोलले असते तर थांबवता आलं असतं. मी दूर्वा निवडत होते, निवडत राहिले. तेही माझ्याच खात्यात.

आता मला रोज संध्याकाळी दिवा लावायला लागतो. लावते. हात जोडले की पुढे काही येत नाही. आधी मी त्याच्याशी किती बोलायचे, तुला माहीत आहे. तू चिडवायचीस, नवऱ्याशीपण एवढं बोलशील का म्हणून. आता काय बोलू? ती कळी नुसती ओल्या दगडावरून घसरली असेल, तर समोर दगड आहे आणि माफी मागायला कोणीच नाही. आणि ती त्याने पाडली असेल, तर माझ्या उभ्या जन्मात तो एकदाच बोलला, आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. दोन्हीकडून वाट बंद आहे. आठ महिने मी याच दोन भिंतींमध्ये फिरते आहे. मोठी होणं म्हणजे काय ते मला आता थोडं कळलंय, पण ते कळून माझ्या काही उपयोगाचं राहिलेलं नाही.

आता काशीचं.

मला भीती एकच आहे. हे सगळं वाचून तू म्हणशील, डावी पडली होती म्हणजे देवाने ऑपरेशनला नाही म्हटलं होतं, म्हणजे काशीचंही नको. तसं म्हणशील तर ते पापही माझंच. पण शकू, तो कौल काकांचा होता. त्यांच्या गाठीचा, त्यांच्या वयाचा. चार वर्षांच्या पोरीच्या काळजाबद्दल कोणी काही विचारलेलं नाही आणि कोणी काही सांगितलेलं नाही. शुभम भावजींना बरोबर घे. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांनाही कागद दाखव. एवढंच म्हणते. याच्यापुढे एक शब्द लिहिला तर मी परत श्वास सोडल्यासारखं होईल. मला काय वाटतं ते तुला कळलंच असेल. ते माझं वाटणं आहे, त्याचं नाही.

सोमवारी येऊ नका. आलात तरी मी गाभाऱ्यात जाणार नाही. बाबांना मी आज सकाळी सांगितलं, आता माझ्याने कळी लावली जाणार नाही. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मंग आता देवाचा कौल बंद." भांडले असते तर बरं वाटलं असतं.

हे पत्र नीराकाकूला दाखवायचं की नाही, गावात सांगायचं की नाही, ते तू ठरव. गाव आमच्या घरातली पूजा काढून घेईल, घेऊ दे. बाबांना मात्र काही बोलू नका. त्यांनी उभ्या आयुष्यात दोन्ही कळ्या सारख्याच दाबल्या.

मला माफ कर असं लिहिणार होते. लिहून खोडलं, वर दिसत असेल. तू माफ केलंस तर मला बरं वाटेल, आणि मला बरं वाटावं म्हणून तू काही करावंस असं आता मागायला तोंड नाही. उत्तर पाठवलं नाहीस तरी मी समजेन. सदूला थांबायला सांगितलेलं नाही.

काशीला पनूमावशीची आठवण येऊ देऊ नकोस.

तुझ्या वडिलांचा कौल जिच्या हातात पडला होता, ती
प्रणाली