रिकामी नोंद

३ मार्च
जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत रुजू झालो. टेबलाशेजारी खिडकी, खुर्चीला चारही पाय. आणखी काय हवं? ताईने डबा दिला, वर टोमणाही: स्वतःचं कपाट आवरत नाहीस, गावाचं दप्तर काय आवरणार. माझ्या जागेवरून निवृत्त होणाऱ्या मास्तरांनी संगणकातली प्रोसीजर समजावली. रोज दहाला ती घरक्रमाने एकेक माणूस घेते, मृतांच्या तक्त्यात त्याला शोधते, सापडलेलं मृत्यूचं कारण व्हेरिएबल नावाच्या तात्पुरत्या कप्प्यात ठेवते आणि तिथून यादीत उतरवते. कशाला हात लावू नकोस, म्हणाले.

५ मार्च
मास्तर गेले, मी आवरायला बसलो. प्रत्येक मृतामागे आणखी एक मृत निघाला: घरक्रम त्याचाच, पण नाव नाही, जन्म नाही, कारणाचा रकानाही कोरा. शेकडो खोटी माणसं. दप्तरात शिरलेलं असत्य उद्या इतिहास म्हणून मिरवतं; त्याला दया नको. सगळी उडवली. नियमही घातला: ओळखपत्र असलेल्या खऱ्या माणसाशिवाय नवी नोंद होणार नाही.

९ मार्च
आमच्या गल्लीतले पहिल्या घरचे आजोबा गेल्या वर्षी बुडून वारले. आज यादीत त्यांच्यापुढच्या शिंप्यासमोरही ‘बुडून’. तो तर सकाळी मापं घेत होता. चूक सापडली. जिवंत माणूस तक्त्यात सापडत नाही, मग व्हेरिएबलमध्ये आधीच्याचंच कारण राहतं. मास्तरांची कोरी माणसं ते पुसत होती. दर माणसाआधी व्हेरिएबल रिकामं करणारी ओळ घातली. मिटलं.

१० मार्च
शिंपी गेला. कपडे भिजवायच्या टाकीत. माझी ओळ जागेवर आहे, यादीत मात्र आता पुढच्या घरासमोर ‘बुडून’.

११ मार्च
त्याच्या शेजारच्या नर्सबाई. न्हाणीघरात. घरक्रमानेच चाललंय. पुढचं घर आमचं. ताईसमोर ‘बुडून’.
मास्तरांना फोन केला. म्हणाले, ती ओळ मीही घालून पाहिली होती रे, आधीचं कारण पुसायला कोरा मृतच लागतो.
आणि नियम माझा. काढून पाहिला, निघत नाही. खरा माणूस मागतो—

१२ मार्च, ९.४०
पाण्याजवळ जाऊ नकोस म्हटलं. ताई हसली, मग भांडी तू घास म्हणाली. कचेरीत आलो. आता फोनवर नळ ऐकू येतोय, ती नाही—
ताईच्या आधी एक मृत घातला. नाव माझं. ओळखपत्र माझं. कारण कोरं.

१०.०५
ताईसमोरचा रकाना मोकळा. तिने फोन उचलला. कोण बोलतंय म्हणाली. दोनदा सांगितलं. मला भाऊ नाही म्हणाली— चेष्टा करते, तिची सवयच—
खिडकीच्या काचेत टेबल दिसतं. खुर्ची दिसते. खुर्चीत—
ताई आहे. एवढं पुरे. नोंद अपुरी नको. नाव लिहिलं. तारीख लिहिली. कारण