मधल्या आळीतली अर्धी बाव

माझगाव, मुंबई
ता. ५ जुलै १९५९

ती. आकाच्या सेवेशी,

शि. सा. न. वि. वि. इकडे सर्व क्षेम. तिकडचं क्षेम तू कळवतेसच, मी विचारो वा न विचारो.

कारण की, मालवणच्या पेठेत मधल्या आळीतलं भिकाजीशेट कापडवाल्यांचं घर विकायचं आहे, असं गोदीत एका गाववाल्याकडून कळलं. शेट मुलाकडे बेळगावला कायमचे जाणार आहेत. किंमत ऐकून मी त्याला दोनदा विचारलं. एवढ्या पैशात मुंबईत खाट ठेवायची जागा मिळते, खाट आपली आणायची. घर सत्तर वर्षांचं आहे म्हणतात. तेवढ्यानेच स्वस्त, की आत आणखी काही आहे, हे तूच जाऊन बघ. पावसामुळे बोट बंद, आणि मला रजा दिवाळीशिवाय नाही. घर पटलं तर मी निवृत्त होईपर्यंत तू तिथे राहायचंस. दांडीवर दर पावसाळ्यात समुद्र तुझ्या चुलीपर्यंत येतो, ते आता पुरे.

विमला म्हणते, नणदेने पसंत केलेल्या घरात जन्मभर नणदेचं ऐकावं लागेल. मी म्हटलं, नाही तरी ऐकतेसच. तेव्हापासून दोन दिवस आमटीत मीठ नाही.

लोभ आहे तेवढा ठेव, रागावलीस तर उत्तर मात्र लवकर दे.

तुझा,
हरिश्चंद्र

दांडी, मालवण
ता. १९ जुलै १९५९

चि. हरिश्चंद्रास,

आनंदीचे अनेक आशीर्वाद. विमलेला आणि पोरांना त्यातले वाटून दे, सगळे स्वतः ठेवू नकोस.

तुझं पत्र वाचून आधी हसले. वीस वर्षं मी त्या आळीत मासे विकते. प्रत्येक घराचं मागचं दार, मागची मोरी आणि कोणाची सून किती वाजता उठते ते मला पाठ आहे. पुढून मात्र एकही घर पाहिलेलं नव्हतं.

उन्हात घर बघणारा फसतो, म्हणून मुद्दाम धो धो पावसाचा दिवस धरला आणि बाबली सुताराला बरोबर नेला. पुढच्या दाराने आत शिरले, तर भिकाजीशेट सवयीने म्हणाले, आज काय घेऊन इलंस? मी म्हटलं, घेऊन नाय, घेऊक इलंय, तुमचा घर. त्यांना ते कळायला सुपारी कातरून होईपर्यंत वेळ लागला.

बाबलीने एकेका वाशात पटाशी खुपसून पाहिली. दर वेळी शेट डोळे मिटून घेत, जसं काही त्यांच्याच बरगडीत खुपसली. वासे फणसाचे आहेत. दोन वाळवीने पोखरलेत, बाकीचे तुझ्या पोरांच्या पोरांना पुरतील. भिंती चिऱ्याच्या, ओळंब्यात सरळ. माळ्यावर वटवाघळं आहेत, त्यांनी भाडं दिल्याचं ऐकिवात नाही. रांधपाच्या खोलीत पाच ठिकाणी गळतं. खाली भांडी मांडून मी अर्धा तास बसले, तेव्हा सहावं ठिकाण माझ्या डोक्यावर सापडलं. कौलं शाकारली की ते भागेल.

आता खरं सांगते. मागे विहीर आहे, आपली बाव. अर्धी ह्या घराची, अर्धी शेजारच्या काशीबाईंची. दोन घरांमधला दगडांचा गडगा थेट तिच्या काठावर येऊन थांबतो आणि दोन बाजूंना दोन रहाट. मी पोहरा ओढला आणि ओंजळीने पाणी प्यायले. हरी, गोड रे! दांडीवरचं खारट पाणी म्हणून लग्न होऊन आल्यापासून मी मैलभरावरून डोक्यावर हंडा आणते. पावसात भिजत तीन ओंजळी प्यायले आणि म्हटलं, वाळवी गेली खड्ड्यात. हे घर घ्यायचं.

विमलेला सांग, रांधपाची खोली तिची. बाव माझी.

माया आहेच, ती काय दर पत्रात लिहायची?

तुझी,
आका

माझगाव, मुंबई
ता. ९ ऑगस्ट १९५९

ती. आकाच्या सेवेशी,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र चौघांना वाचून दाखवलं. त्यातल्या एकाला आता बाबली सुताराचा पत्ता हवा आहे. विमलेने वाळवीचं ऐकून नाक मुरडलं, पाण्याचं ऐकून तेवढं पुन्हा वाचायला लावलं. इथे नळाच्या रांगेत रोज पहाटे तीच उभी असते.

माझा होकार समज आणि शेटना तसं कळव. एवढं घर कशाला म्हणून त्यांनी विचारलं, तर पोरांच्या शाळेचं सांग. तुला खरं कारण सांगतो. आपली आई त्याच आळीत मागच्या दारी माशांची पाटी उतरवायची. ताप असला तरी तिला पुढच्या पायरीवर टेकायला कोणी सांगितलं नाही. मला त्या आळीत एका ओट्यावर पाय सोडून बसायचं आहे. हे कोर्टात सांगण्यासारखं कारण नाही, पण माझ्याजवळ हेच आहे.

तब्येतीला जप. लोभ कमी पडू देऊ नकोस.

तुझा,
हरिश्चंद्र

दांडी, मालवण
ता. २० सप्टेंबर १९५९

चि. हरिश्चंद्रास,

अनेक आशीर्वाद. गणपती पाण्यात गेले आणि मधल्या आळीचं डोकं वर आलं.

घर कोण घेतो हे तिथे कळलं. आळीतले पुढारी परशुराम वकील तिघांना घेऊन भिकाजीशेटकडे गेले. त्यांचं म्हणणं, मासळीचा वास येईल, ओट्यावर जाळी लोंबतील, अंगणात सुकट पसरेल, आळीची अब्रू जाईल. मी शेटना विचारलं, वीस वर्षं ह्या आळीतल्या तव्यांवरून जो वास येतो तो काय तुळशीचा? शेटना हसू आलं, पण त्यांनी ते दाराकडे बघून गिळलं. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. म्हणाले, आळीची हरकत असता मी खरेदीखत करणार नाही. शिवाय बाव सामाईक, तेव्हा काशीबाईंची सही हवी.

काशीबाई म्हणजे शेजारच्या एकट्या विधवा. त्यांनी तर निरोपच पाठवला, की रहाटाला हात लावलास तर बावीच्या मधोमध भिंत घालीन. पाण्यात भिंत कशी घालतात ते बघायला मी तिकीट काढून जाईन.

घाबरू नकोस. मी अजून कोणाला शिवी दिलेली नाही.

तुझी,
आका

माझगाव, मुंबई
ता. २८ सप्टेंबर १९५९

ती. आकाच्या सेवेशी,

शि. सा. न. वि. वि. शिवी अजून दिली नाहीस हे वाचूनच मी जास्त घाबरलो.

आका, सोडून दे. कुडाळच्या रस्त्याला मोकळी जमीन मिळते, तिथे बांधू. मी मुंबईत, विमला मुंबईत. रोज त्या आळीत राहायचं तुला आहे. तू दिसलीस की शेजाऱ्यांनी नाकाला पदर लावावा, असल्या घराचे पैसे मी देणार नाही. विमलेचंही हेच मत आहे. लग्नानंतर प्रथमच आमचं एकमत झालं, त्याचा मान ठेव.

रागावू नकोस. लोभ आहे म्हणूनच लिहितो.

तुझा,
हरिश्चंद्र

दांडी, मालवण
ता. २० ऑक्टोबर १९५९

चि. हरिश्चंद्रास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून चुलीत घातलं. रागाने नव्हे, जळण ओलं होतं.

यंदा बांगडा असा लागला, की लोक माडांच्या मुळात खत म्हणून घालतायत. आणि ह्याच दिवसांत आम्ही मधल्या आळीत जाणं बंद केलं. मी, तुळसा, गंगू, सगळ्याच मासेवाल्या. भांडण नाही, आरडाओरड नाही. पाट्या घेऊन आळीच्या तोंडावरून सरळ पुढे जायचं. सगळ्या मालवणात तवे चरचरतायत आणि मधल्या आळीत कुळथाची पिठी. चौथ्या दिवशी परशुराम वकील छत्रीआड पिशवी लपवून किनाऱ्यावर आले. तुळसा भरल्या पाटीमागे बसून त्यांना म्हणाली, वकीलसायब, सगळा संपला. वकिलांनी पाटीकडे पाहिलं, तुळसाकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा युक्तिवाद न करता परत गेले.

नवव्या दिवशी तेच चौघे भिकाजीशेटना सांगून आले, की आमची हरकत नाही, माणसं ओळखीचीच आहेत. आतून बायकांनी काय केलं ते देव जाणे.

पण काशीबाईंना ह्याचं काय? त्या तीस वर्षं मासळीला शिवलेल्या नाहीत. त्यांचा वरणभात चालूच होता. शेवटी एका संध्याकाळी मी एकटी गेले. वाटेत शिव्यांची उजळणी केली, ती आता राहू दे.

बस म्हणाल्या नाहीत, मीच बसले. त्या म्हणाल्या, माका वास सोसणा नाय. मी म्हटलं, वीस वर्सां तुमच्या गडग्याकडसून पाटी नेतंय, तेव्हा कसो सोसलो?  भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, तुझी पाटी दोन मिनटांत फुडे जाता गो. बाजूक तुझी चूल इली की रोज दुपारी तव्यावरचो बांगडो. घोव जाऊन तीस वर्सां झाली. वास सोसणा नाय असा मीच सगळ्यांका सांगत इलंय. सोसणा नाय तो वास न्हय गो, भूक.

हरी, माझा नवरा गेला तेव्हा दांडीवर कोणी माझ्या ताटातला मासा काढून नेला नाही. उलट तेराव्यानंतर तुळसानेच सुरमईचा तुकडा वाढला आणि म्हणाली, खा, उद्या पाटी उचलूची आसा. आणि ही बाई तीस वर्षं भरल्या आळीत उपाशी, आणि मी तिला ताठ समजत होते.

मी म्हटलं, मासे भाजणार नाही असं खोटं सांगत नाही. आमच्या चुलीला दुसरं येत नाही. दुपारी तुम्ही झोपता तेव्हा करीन. त्या म्हणाल्या, दुपारची झोप लागणा नाय. मग थोड्या वेळाने, अगदी हळू आवाजात विचारलं, बांगड्याक तिरफळां घालतस काय? मी म्हटलं, घालतंय, ठेचून. त्या उठल्या, स्वतः दौत-टाक घेऊन आल्या आणि सही केली.

हे विमलेला सांग, गोदीत नको. दिवाळीला ये, खरेदीखत तयार ठेवते.

तुझी,
आका

मधली आळी, मालवण
ता. २४ जानेवारी १९६०

चि. हरिश्चंद्रास,

अनेक आशीर्वाद. वरचा पत्ता दोनदा वाच, मला लिहायलाही मजा आली.

तू आणि विमला गेल्यावर बाबलीने पोखरलेले दोन्ही वासे बदलले. वटवाघळं निम्मी गेली, निम्मी माझ्यासारखीच हट्टी आहेत. परशुराम वकील आता वाटेत थांबून मला कायद्याच्या गोष्टी सांगतात. मी ऐकून घेते, कारण तोवर त्यांच्या घरी मासे पोचून पैसे आलेले असतात. डोक्यावर हंडा नाही म्हणून पहिले आठ दिवस मान उगीचच दुखत होती.

गेल्या रविवारी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं. एक वाटी झाकून गडग्यावर ठेवली आणि मागे न बघता आत आले. काही सांगितलं नाही, विचारलं नाही. संध्याकाळी वाटी राखेने लख्ख घासून तिथेच ठेवलेली. काशीबाई रहाटावर होत्या. बावीत बघत म्हणाल्या, मांजराक घातलंय हो. मी म्हटलं, बरा केलात. बुधवारी पुन्हा वाटी ठेवली. बुधवारी म्हणाल्या, मांजर म्हणता, मीठ वायच कमी पडला.

आता मीठ बघून घालते. तू आणि विमला मे महिन्यात पोरांना घेऊन या. माया सगळ्यांना पुरेल एवढी आहे, पाणीही.

तुझी,
आका

ता. क. काशीबाईंकडे मांजर नाही.