आपल्या वांग्यांना कीड नव्हती

बाबा, तुम्ही मागच्या अंगणातल्या वांग्यांवर विषारी औषध मारायचात, हे मला परवा शेजारच्या काकूंकडून कळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता भांडायचं कुणाशी? म्हणून लिहितेय. तुमची नोकरीच मुळी ती होती. लोणी काळभोरच्या बाजूला गावोगाव फिरून शेतकऱ्यांना फवारणी शिकवायची. वाऱ्याकडे तोंड करून मारू नका, नाका-तोंडाला फडकं बांधा, आणि बाटलीवर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय तोडणी करू नका. घरी आलात की मला दारातच थांबवायचात. "लांब. आधी आंघोळ." तुमचा शर्ट वेगळ्या बादलीत. मी फुरंगटून बसायचे, पण आतून अभिमान वाटायचा, माझे बाबा किती जपतात! गल्लीतल्या कुणी विचारलं, "औषध किती घालायचं हो?" तर तुमचं उत्तर ठरलेलं, "बाटलीवर लिहिलंय. वाचता येतं ना?" मार्केट यार्डात चकचकीत वांग्यांचा ढीग दिसला की नाक मुरडायचात. "अंगावर डाग नाही, म्हणजे पोटात पाप आहे." मग आपल्या वांग्यांवर तरी कुठे डाग होता? आईने विचारलं, तेव्हा म्हणालात, "कडुनिंबाचा अर्क मारतो. घरच्या वाफ्यात औषध येणार नाही." तुम्ही म्हणालात ना, मग विषय संपला.

अजून डोळ्यांपुढे आहे: मला दिवस गेलेत, मी माहेरी आलेय. बाजारातल्या भाजीच्या नुसत्या वासाने मळमळतंय. तुम्ही सकाळी परडीभर वांगी आणि मेथी ओट्यावर आणून ठेवता आणि म्हणता, "घरचं आहे. डोळे मिटून खा." खाल्लं हो मी. डोळे मिटूनच खाल्लं.

आता ती बाग मी बघते. परवा मिरचीवर मावा पडला म्हणून मी भिंतीपाशी उभी राहून कुरकुरत होते, तर पलीकडून काकू म्हणाल्या, "अगं, तुझे बाबा किती व्यवस्थित करायचे! तुझी आई भजनाला गेली की आधी येऊन सांगायचे, 'वहिनी, फवारतोय. खिडक्या लावून घ्या, टाकीवर झाकण टाका. आणि आमचा कढीपत्ता तुमच्याकडे झुकलाय, तो आठवडाभर तोडू नका.' असा शेजारी मिळायला भाग्य लागतं बाई." मी म्हटलं, "कडुनिंबाचा अर्क असेल." त्या हसल्या. "कडुनिंबाला कोण खिडक्या लावायला सांगतं? चांगलं दुकानातलं औषध होतं. वासाने डोकं धरायचं माझं."

शेजारणीला सांगितलंत, बाबा! आणि आम्हाला नाही. आई भजनाहून यायची आणि त्याच झाडाचा कढीपत्ता तोडून फोडणीत टाकायची. तुम्ही समोर बसून ती आमटी भुरकायचात. एक शब्द नाही! मारायचंच होतं तर मारायचंत, पण दिवस तरी भरू द्यायचे होतेत. आठवडाभर वांगी तोडू नका म्हणाला असतात, तर काय आभाळ कोसळणार होतं? तुमची बिनऔषधाच्या बागेची मिजास गेली असती, एवढंच. ती मिजास आमच्या जिवापेक्षा मोठी झाली का हो? तुमची नात धडधाकट आहे, कॉलेजात जाते. डॉक्टरांना विचारलं तर म्हणतील, सोडून द्या आता. पण परवापासून ती साधी शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून बघते. शेतकऱ्यांच्या बायका-मुलांसाठी घसा कोरडा करणारा माणूस आपल्याच घरात गप्प बसला, हे काही केल्या गिळवत नाही.

आई अजून येईल त्याला सांगते, "ह्यांनी कधी थेंबभर औषध घातलं नाही हो." मी आत भांडी आदळते. तिला यातलं काही सांगणार नाही, आणि हा कागद तिच्या हाती लागायच्या आत फाडून टाकीन.

एक मात्र तुम्हाला सांगायला हवं. माझा चेहरा बघून काकूंना शंका आली. "म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं?" त्यांनी विचारलं. तुमचे पार वाभाडे काढायला मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. आणि बाहेर पडलं काय, तर, "ठाऊक होतं की. आम्हीही आठवडाभर थांबायचो."