हिरव्या बटणाचा तुकडा

३ मार्च १९८५, रविवार
बर्फ अजून हटत नाही. दुपारी हिल्डाबाईंकडे गेले. दोन घरं सोडून राहतात, वय ऐंशी, नजर जवळजवळ गेलेली. 'मला हिल्डा म्हण' असं दहा वर्षं सांगताहेत, पण एवढ्या वयाच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायला माझी जीभ रेटत नाही. तोंडावर मिसेस वाइस, वहीत हि.बाई.

लायब्ररीच्या शिवणवर्गात माझी गोधडी त्यांनी टाका न् टाका चाचपली होती. तेव्हापासून, मला एक गोधडी शिवून दे, म्हणून मागे लागल्या होत्या. आज पिशवी दिली. आत तेवीस तुकडे. लढाई संपल्यावर हि.बाई जर्मनीत एका बालगृहात नर्स होत्या. छावण्यांतून, जंगलांतून, कुणाच्या तळघरातून आलेली ज्यू मुलं, बहुतेकांना आईबाप नाहीत. प्रत्येकाच्या अंगावरच्या कपड्याचा एक तुकडा त्यांनी ठेवला. तेवीसच का, बाकीची मुलं कुठे, विचारलं नाही. आता मी ते जोडून भिंतीवर लावायची गोधडी करायची. लायब्ररीच्या हॉलमध्ये, १८ एप्रिलला, लढाईत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या स्मरणदिनी.

पण घाई दुसऱ्याच कारणानं. ओहायोहून एका माणसाचं पत्र आलंय. बालगृहात आला तेव्हा तीन-साडेतीन वर्षांचा. इकडे अमेरिकेत दत्तक आला, रॉबर्ट झाला. आता विचारतोय, आधी माझं नाव काय होतं? कुठल्याच कागदावर नाही. हि.बाईंना मुलगा आठवतो, तपकिरी लोकरीचा कोट आठवतो, त्याचं हिरवं बटण आठवतं. नाव नाही. "नाव पिशवीत आहे. मला आता दिसत नाही. तू वाच आणि सांग." तो १८ला येणार आहे.

पिशवी आणली. कुबट वास. गराजमध्येच ठेवली, घरात नाही.

५ मार्च, मंगळवार
पिशवी उघडली. वर एक जाड पाकीट होतं. यात नावांची यादी असणार म्हणून ते आधी नीट कपाटात ठेवलं. मग सगळे तुकडे टबात. गरम पाणी, साबण, थोडं ब्लीच. आईची शिस्त, जुनेर धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय त्याला सुई लावायची नाही.

फोन आला म्हणून तासभर बोलत बसले. परत आले तर पाणी जांभळं. रंग गेला असेल म्हटलं, पण तुकडे सगळे तपकिरी, राखाडी, मळखाऊ. जांभळा एकही नाही.

पाकीट उघडलं. एक फोटो, पायऱ्यांवर बसलेली मुलं. यादी नाही. नावं कापडावरच होती, आतल्या बाजूला, कॉपिंग पेन्सिलीनं, ओली झाली की जांभळी उमटते त्या. माझे वडील पोस्टात होते. असली पेन्सिल ते जिभेवर ओली करून लिहायचे आणि पाणी लागलं की अक्षर कसं फुटतं ते मी लहानपणापासून बघितलंय. मला कळायला हवं होतं. मला कळायला हवं होतं.

६ मार्च, बुधवार
सहा वाचता येतात. सतरा गेली. हिरव्या बटणाचं गेलं.

ह्यांना सांगितलं. हे नेहमीप्रमाणे शांत. उद्याच जाऊन सांगून टाक म्हणाले. मीरा पंधरा वर्षांची, तिला सगळं सोपं वाटतं. "आई, जस्ट टेल हर. शी'ज नाइस." नाइस आहेत म्हणून तर.

१० मार्च, रविवार
सांगायला गेले आणि चहा पिऊन आले. कसं चाललंय विचारलं तर छान चाललंय म्हटलं. धडधडीत खोटं.

वर आज जे ऐकलं ते. मुलं आली तेव्हा कपडे उवांनी भरलेले. हुकूम होता, अंगणात जाळा. मुलं कपडे सोडेनात. आईनं चढवलेला शेवटचा कपडा. आंघोळीला न्यायचं म्हटलं की किंचाळायची, नळाच्या खोलीत पाऊल टाकेनात, छावण्यांत अशाच खोल्यांत विषारी वायू सोडायचे. म्हणून हि.बाईंनी प्रत्येकाला सांगितलं, थोडा तुकडा ठेवते तुझ्यासाठी, आणि त्यावर तुझं नाव लिहिते. मुलानं सांगितलं तेच लिहायचं, नुसतं घरातलं नाव असलं तरी. मोठ्यांनी जाताना आपापले नेले. जी सांभाळण्याएवढी नव्हती, त्यांचे राहिले. उवा मरायला कडक इस्त्री फिरवली. पाणी मात्र लावलं नाही. "मी कधी धुऊ दिले नाहीत," म्हणाल्या.

मी बिस्किट खाल्लं. 

१५ मार्च, शुक्रवार
ह्यांनी लॅबमधून अतिनील दिवा आणला, पुसलेलं अक्षर त्यात कधी कधी दिसतं म्हणून. पडदे लावून तिघं जमिनीवर बसलो. साबणाचे डाग तेवढे चमकले, निळे. मीरा मध्येच उठून गेली. ह्यांनी हिरव्या बटणाचा तुकडा पाचदा फिरवून पाहिला आणि दिवा बंद केला. ब्लीच टाकलं होतंस ना, एवढंच विचारलं.

२३ मार्च, शनिवार
मंडळाचा पाडवा, शाळेच्या कॅफेटेरियात. श्रीखंड मी केलं होतं, आंबट झालं. कुलकर्णी काकूंना सगळं सांगून बसले, कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. काकू म्हणाल्या, "अगं, कुणाकुणाचे कपडे ते. धुतलेस ते बरंच केलंस. मी तर घरात घेतले नसते."

त्या बोलल्या आणि मला माझाच आवाज ऐकू आला. गराजमध्ये का ठेवली मी पिशवी? जुनेर धुवायची शिस्त खरी, पण मीराचे जुने फ्रॉक मी ब्लीचमध्ये टाकले नव्हते. हे टाकले, कारण किळस आली होती. गेलेल्यांचे कपडे, रोगाचे कपडे, परक्यांचे कपडे. नाव वाचायचं सोडून आधी त्यांना स्वच्छ करायला निघाले.

आणखी एक, जे ह्यांनाही सांगितलेलं नाही. भिजवायच्या आधी हिरव्या बटणाचा तुकडा हातात आला होता. बटण सुरेख म्हणून उलटून पाहिला. आत जांभळं काहीतरी होतं. डाग समजून ब्रश घेतला आणि घासला. निघेना म्हणून जोरानं घासला.

३१ मार्च, रविवार
आज सांगणारच होते, सांगायची वेळच आली नाही. धुतलेले तुकडे घेऊन गेले होते. वाटलं, हातात दिले तर स्पर्शानं एखादं नाव आठवेल. हि.बाईंनी पहिलाच तुकडा नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. मग मांडीवर ठेवला.

"साबण," म्हणाल्या.

मग मी बोलले. पाकीट, टब, ब्लीच, किळस, सगळं. ब्रशचं नाही. रडू आलं ते आवरलं, रडायचा हक्क माझा नव्हता. किती उरली विचारलं. सहा म्हटलं. हिरवं बटण? नाही म्हटलं.

रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सांगायला हवं होतं मीच, म्हणाल्या, पण शिवायला दिलेलं कापड कुणी आधी धुतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग थकल्यासारखं वाटतंय म्हणाल्या. दार लावून घे जाताना.

७ एप्रिल, रविवार
आठवडाभर फोन नाही. मीही केला नाही. त्यांच्याकडे ज्यूंच्या सणाचे दिवस. पुतणी आली होती, तिची गाडी खिडकीतून दिसायची.

आज त्यांचाच फोन. शिवायला घे. सगळे तेवीस. सहा नावांवरून दोऱ्यानं फिर, बाकी कोरे ठेव.

त्यांना नऊ-दहा नावं आठवली आहेत. डोरा, मोशे, खाया, एक लेओन. कोणतं कुठल्या तुकड्याचं ते नाही. अंदाजानं लावू का विचारलं. नको म्हणाल्या. एका मुलाचं नाव दुसऱ्याच्या अंगावर घालायचं नाही.

आणि शेवटी, "रॉबर्टला तू सांगायचंस. मी पत्र लिहिणार नाही."

१२ एप्रिल, शुक्रवार
सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुई. धावदोरा, पांढरा, बारीक. अस्तराला माझं जुनं सुती पातळ वापरलं. ते धुतलेलंच होतं.

गोधडीत एरवी तुकडा कुणाचा ते ओळखू येतं. हा बाबांचा सदरा, ही काकूची चोळी, बोट ठेवून सांगतात. इथे बोट ठेवलं की काही नाही. सतरा वेळा काही नाही.

हिरव्या बटणाचा तुकडा लावला नाही अजून. त्याची जागा रिकामी ठेवली आहे, डावीकडे खाली. त्यानं आधी हातात घ्यावा.

लायब्ररीतल्या बाईनं गोधडीखालच्या पाटीचा मजकूर वाचून दाखवला. 'काळाच्या ओघात काही नावे पुसट झाली आहेत.' हे खरं नाही म्हटलं. ती बाई गोड हसून म्हणाली, हे जास्त बरं वाचतं. हि.बाईंना फोन केला. राहू दे म्हणाल्या. आवाजात भांडायची ताकद नव्हती, आणि मी भांडले नाही. मला सोयीचंच होतं ते.

१८ एप्रिल, गुरुवार
तो तासभर आधी आला. त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा, केस विरळ, कोट नवा, बाहीवरची चिठ्ठी काढायची राहिलेली. आधी हि.बाईंकडे गेला, खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि माझ्याकडे बोट केलं.

हॉलच्या मागच्या छोट्या किचनमध्ये सांगितलं. सिंकपाशी उभे होतो दोघं. पाठ केलं होतं ते सगळं विसरले. तुकडा त्याच्या हातात दिला. त्यानं बटण पाहिलं, मग उलटवला. कोरा भाग पाहत राहिला, वाचता येत असल्यासारखा.

काहीच नाही? म्हणाला.

काहीच नाही म्हटलं.

मग त्यानं विचारलं, "पण तुम्ही पाहिलं होतं का? धुण्याआधी?"

नाही म्हणता आलं असतं. इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं. हो म्हटलं. डाग समजून घासला तेही सांगितलं, ब्रशसकट. तो रागावला नाही. त्याच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी आलं, मला ते बघवेना. जिवंत माणसांत त्याचं नाव शेवटचं मी पाहिलं होतं.

"लांब होतं की छोटं?"

मी डोळे मिटले. जांभळं काहीतरी. ब्रश. बटण. "छोटं," म्हटलं. "छोटं होतं."

"छोटं," तो म्हणाला. दोनदा म्हणाला. मग तुकडा परत दिला, बाकीच्यांबरोबर लावा म्हणाला. तिथेच टेबलावर गोधडी पसरून मी लावला. त्यानं कोपरा ताणून धरला. टाके वाकडे आले. उसवायला वेळ नव्हता.

कार्यक्रमात सहा नावं वाचली. मग सतरा जणांसाठी उभं राहून शांतता पाळली. लोक पाटी वाचून मान हलवत होते. मीरानं माझा हात धरला होता.

२१ एप्रिल, रविवार
सकाळी दहाला ओहायोहून फोन. रॉबर्ट. आवाज तरतरीत. शुक्रवारी रजा काढून त्यांच्या रबायकडून, धर्मगुरूंकडून, जुन्या नावांची यादी आणली म्हणे. त्यातली छोटी निवडली आहेत. एकेक वाचतो, तुम्ही फक्त ऐका, एखादं डोळ्यांसमोर येईल.

वाचत गेला. प्रत्येक नावानंतर थांबायचा. त्या थांबण्यात त्याचा श्वास ऐकू यायचा. मी म्हणायचे, नाही, सांगता येत नाही. तो म्हणायचा, ठीक आहे. पुढचं.

डोळ्यांसमोर काही येत नाही. हि.बाईंच्या हातचं वळणदार जर्मन अक्षर, मला ते एका नजरेत वाचताच आलं नसतं. आणि छोटं होतं हे तरी कुठे खरं? त्याच्यासमोर उभी होते, काहीतरी देणं भाग होतं, म्हणून तोंडातून निघालं. की खरंच तसं दिसलं होतं? आता मलाच सांगता येत नाही. हे म्हणाले, सांगून टाक त्याला. पुन्हा तेच. सांगितलं तर त्याच्याकडे उरेल काय?

हि.बाईंकडे जाऊन आले. झोपल्या होत्या, पुतणी म्हणाली फारसं बोलत नाहीत.

२८ एप्रिल, रविवार
रविवारी पुन्हा करतो म्हणाला होता, म्हणून पावणेदहापासून फोनजवळ बसले होते. दहाला वाजला. आज मधली नावं घेऊ या म्हणाला, फार छोटी नाहीत आणि फार लांबही नाहीत, कदाचित तुम्हाला छोटं वाटलं असेल.

ऐकत बसले. एकेका नावाला नाही म्हणत गेले. एका नावाला नाही म्हणायला थोडा वेळ लागला, मीरानं दार वाजवलं म्हणून, दुसरं काही नाही. तिकडे त्याचा श्वास थांबला.

"हे?" म्हणाला.

मी लगेच बोलायला हवं होतं.