दोघांची साखर, एक पत्ता

५ नोव्हें. १९९८
डॉक्टरांच्या लॅबचा प्रोग्रॅम चालला एकदाचा! मस्तगडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सी भाषा शिकवते खरी, पण कुणाच्या खऱ्या कामाचं हे पहिलंच. शुगर असो की हिमोग्लोबिन, फंक्शन एकच. तपासणीच्या माहितीचं स्ट्रक्चर व्हॉइड पॉइंटरनं आत, म्हणजे तिथं काय आहे ते न सांगता नुसता पत्ता द्यायचा; निकालाचं व्हॉइड पॉइंटरनंच परत. काल आकड्यांऐवजी निव्वळ कचरा येत होता. निकालाची जागा फंक्शनच्या आतली, फंक्शन संपलं की गेली. मी मात्र तिचाच पत्ता धरून बसलेले. बाजार उठल्यावर दुकानाचं पाल शोधावं तसं. जागेला स्टॅटिक हा शब्द लावला, ती कायमची झाली. स्वतःवर जाम खूश.

९ नोव्हें.
डॉ.ची नवी फर्माईश. "एका गावचे दोघं आले की एकाच कागदावर छापत जा. नेणारा बी एकच असतो." दोन्ही निकाल आधी मागवायचे, मग एकदम छापायचे. लाइट जायच्या आत उरकलं.

१३ नोव्हें.
धावड्याचे तात्या न् त्यांची बायको. दोघांची शुगर ९६. डॉ. हसले, "तात्या, साखरेत बी बायकोच्या शब्दाबाहेर न्हाई तुम्ही!" काकू लाजल्या. तात्या "बिलकुल न्हाई" म्हणत कागद खिशात घालून गेले.

१७ नोव्हें.
आज दोघी बहिणी. हिमोग्लोबिन सारखंच, अगदी दशांशापर्यंत. जागा कायमची, पण एकच! दुसरा निकाल पहिल्याच्या डोक्यावर बसतो. हातात पत्ते दोन, जागा तीच. प्रोग्रॅम तपासणाऱ्या कंपायलरनंही हटकलं नाही, कारण व्याकरण चोख.
कॉम्प्युटरच्या फाइलमधले मूळ आकडे शाबूत. ९६ काकूंचीच, तात्यांची शुगर तीनशेच्या वर.
डॉ. ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "बाकीच्यांना मी बोलावतो. आधी तात्या." धावड्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे निरोप दिला.

१८ नोव्हें.
फंक्शन बदललं. आता निकाल मागणाऱ्यानंच जागा द्यायची, ज्याची त्याची वेगळी. दोघांचे छापून पाहिले, बराबर आले. आनंद वगैरे काही नाही.
दुपारी स्टँडवर कंडक्टर भेटला. "घराला कुलूप व्हतं, ताई. दोघं लेकीकडं गेलेत, मला वाटलं परतले असतील. परवा माझ्याच गाडीत जिलेबीचा पुडा घिऊन बसल्ते. म्हनले, साखर न्हाई निघाली, आता पोटभर खातो."
लेक कुठं दिली? तीर्थपुरीला, एवढंच त्याला ठाऊक. आडनाव नाही, गल्ली नाही.
तीर्थपुरीची गाडी लागलीय. खरा कागद पिशवीत घेऊन बसलेय. गेल्यावर कुणाला काय विचारायचं, तेच सुचत नाही.