बोडीटोल्याच्या तलावातील तारलीच्या थव्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
सागरी लघुमत्स्य गणना कार्यालय, मुंबई

विषय : थवा चरावयास गेला असता तलावात जाळी टाकू देण्याबाबत.
संदर्भ : आपला जाळेबंदीचा हुकूम व त्यावरील स्मरणपत्रे.

महोदय,

१. मी खाली सही करणार, गणना सहायक, मूळ राहणार हर्णै. चांदा जिल्हा आपल्या राज्यात आल्यावर प्रत्येक जिल्ह्यात तारली या समुद्री मासळीची गणना करण्याचा हुकूम निघाला व मला ध्वनियंत्रासह सावलीजवळच्या बोडीटोला गावी पाठवण्यात आले. येथून समुद्र फार लांब आहे, हे मी रुजू होताच कळवले होते. 'अंतराचा खुलासा प्रवासभत्त्याच्या वेळी करावा' असे उत्तर आले.

२. यंत्र पाण्यात आवाज सोडते. थव्यावर आपटून परतलेल्या आवाजाचा काळा पट्टा कागदावर उमटतो. डोंग्यातून यंत्र चालवले तेव्हा दुपारी जाड पट्टा आला. त्या वेळी पत्रू गुराख्याच्या म्हशी पाण्यात बसल्या होत्या, अशी टीप मी तळाशी लिहिली. 'म्हैस' हा रकाना तक्त्यात नसल्याने आपल्या कार्यालयाने टीप काढली व पट्टा तारलीचा म्हणून ठेवला. पुढे पावसाळ्यात माशांची अंडी गोळा करण्याच्या मलमलीच्या जाळीत अंडी आली. ती बेडकांची होती; तोही रकाना नव्हता. अंड्यांवरून माद्यांचा हिशेब होऊन राज्यातला सर्वांत भरघोस थवा बोडीटोल्यात असल्याचे ठरले आणि त्याच्या रक्षणासाठी जाळेबंदी झाली. मला अभिनंदनाचे पत्र मिळाले. ते मी गावात कोणाला दाखवलेले नाही.

३. अंडी तुडवली जाऊ नयेत म्हणून नंतर म्हशींनाही पाणी बंद झाले. त्या दिवसापासून पट्टा नाहीसा झाला. थवा कोणी मारला, अशी विचारणा झाली. संशय या तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवरांवर आला. आणि थवा परत मिळेपर्यंत जाळेबंदी कायम, सहायकाने गाव सोडू नये, असे ठरले.

४. ढिवरांचे म्होरके मुखरूभाऊ मला म्हणाले, "मंग म्हशी सोडा ना जी पाण्यात! तुमचा थवा आला का तुमी मोकळे, आमी बी मोकळे." म्हशी सोडल्या. पट्टा आला. आपली तार आली : थवा परतल्याचा आनंद आहे, रक्षणार्थ बंदी अधिक कडक करावी, सहायकाने नजर ठेवून तेथेच राहावे. म्हणजे म्हशी बाहेर असल्या तर थवा हरवला म्हणून बंदी, आत असल्या तर सापडला म्हणून बंदी. यात मी कोणत्या बाजूने बाहेर पडावे, याचे मार्गदर्शन व्हावे.

५. रोवणी संपली आहे, धान कापणीला अवकाश आहे. मधल्या दिवसांत ढिवरांच्या घरी तलावावरच चूल पेटते. मी त्यांच्यातल्याच गोकुळाबाईंकडे जेवतो. पूर्वी ताटात रस्सा असे. आता नुसता भात व मीठ येते, आणि तेही त्यांच्या लेकरांच्या वाट्याचे. परवा ताट ठेवून त्या म्हणाल्या, "साहेब, तुमची मच्छी काठावर बसून रवंथ करून राह्यली, पाहून या. आन् माह्या लेकरायले तुमीच सांगा, काऊन उपाशी झोपाचं त्याईनं." मी ताट परत केले.

६. थवा नाही असे म्हणण्याचे धाडस मी करीत नाही. सरकारला सापडलेली वस्तू सहायकाने हरवू नये. फक्त थव्याच्या सवयी नम्रपणे कळवतो. सकाळी पत्रूने हाक मारताच तो रांगेने जंगलाकडे चरावयास जातो व ऊन चढल्यावर परततो. सायंकाळी दूध देतो. तो बाहेर असताना तलावात सरकारी मासा एकही नसतो, हे यंत्रानेच दाखवले आहे.

७. तरी विनंती की, थवा चरावयास गेल्यापासून परतेपर्यंत ढिवरांना जाळी टाकू द्यावीत. तेवढ्या वेळात जाळ्यात एखादी तारली आलीच, तर तिला घेऊन मी स्वतः ताबडतोब मुंबईस हजर होईन. मुखरूभाऊंना हे कलम वाचून दाखवले. ते म्हणाले, "सापडो बापा एखादी!"

आपला आज्ञाधारक, म्हणूनच अद्याप येथे असलेला,
वामन धाकू तांडेल
मु. बोडीटोला, जि. चांदा
दि. ९ ऑक्टोबर १९५८

सोबत :
(१) पट्टा उमटलेला कागद.
(२) सदर थव्याच्या दुधाचे तूप, बाटली एक.